सर्व्हर बदलता येतो, पण जुना जिवंत असताना

फेब्रुवारी २०२४मध्ये 'क्वीअर डॉट एएफ' हा मॅस्टोडॉन या समाजमाध्यमाचा सर्व्हर एकाएकी दिसेनासा झाला. यंत्र ठणठणीत होते. मात्र पत्त्याच्या शेवटी असलेले 'एएफ' हे अफगाणिस्तानचे डोमेन, आणि तालिबानच्या दळणवळण मंत्रालयाने या सर्व्हरचे नावच निलंबित केले. तिथल्या खातेदारांना गाशा गुंडाळायलाही सवड मिळाली नाही.

मॅस्टोडॉनवर एका कंपनीची मालकी नाही. कुणीही सर्व्हर थाटावा. २०१८मध्ये प्रमाणित झालेल्या 'ॲक्टिव्हिटीपब' या नियमावलीमुळे ते सारे एकमेकांशी बोलतात. सर्व्हर आवडला नाही, तर दुसरीकडे जाण्याची सोयही आहे.

आधी नव्या सर्व्हरवर खाते उघडायचे आणि तिथे 'ते जुने खातेही माझेच' अशी नोंद करायची. मग जुन्या खात्यात शिरून, पासवर्ड देऊन स्थलांतराची आज्ञा सोडायची. जुना सर्व्हर फॉलोअरांच्या सर्व्हरांना 'मूव्ह' संदेश धाडतो. नव्या खात्यावर जुन्याची नोंद सापडली, तरच ते सर्व्हर फॉलोअरांना इकडे वळवतात. ही खातरजमा नसती, तर कुणाचेही फॉलोअर कुणाच्याही गळ्यात पडले असते. आपण कुणाला फॉलो करतो, कुणाला ब्लॉक केले, या याद्या सीएसव्ही फाइलमधून स्वतःच न्याव्या लागतात.

पोस्ट मात्र मागेच राहतात. प्रत्येक पोस्टच्या कायमच्या पत्त्यात जुने डोमेन गुंफलेले असते आणि इतरांची उत्तरे त्याच पत्त्याला जोडलेली असतात. पोस्टचा संग्रह उतरवून घेता येतो, पण नवा सर्व्हर तो स्वीकारत नाही.

खरी मेख वेगळीच. निघण्याची आज्ञा जुन्या सर्व्हरवरूनच द्यायची असते. डोमेन गेले, की खातेदारालाच तिथे पोचता येत नाही.

ब्ल्यूस्काय या दुसऱ्या समाजमाध्यमाच्या 'एटी प्रोटोकॉल'ने ओळख आणि सर्व्हर यांची फारकत केली. खात्याला 'डीआयडी' नावाची कायमची ओळख मिळते. सर्व्हर ही तिच्यातली बदलता येणारी नोंद. पोस्ट सहीनिशी एका भांडारात राहतात आणि सोबत नेता येतात. ती नोंद बदलण्याची किल्ली आणि भांडाराची प्रत स्वतःकडे असेल, तर जुना सर्व्हर आडवा आला तरी अडत नाही. पण ती किल्ली स्वतःजवळ ठेवण्याची तसदी किती जण घेतात? बहुतेकांची खाती ब्ल्यूस्काय कंपनीच्याच सर्व्हरांवर आहेत आणि किल्ल्याही तिच्याच हाती.

मॅस्टोडॉनकरांनी निदान याद्या तरी अधूनमधून उतरवून ठेवाव्यात. दोन मिनिटांचे काम आहे, पण ते सर्व्हर चालू असतानाच होते.