अ‍ॅशव्हिलला घर घेताय? आधी ओढा बघा

"शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर होता. येऊन गेला. आता आपल्या हयातीत काही नाही."

हेलीन वादळ होऊन गेल्यापासून शार्लटमधल्या मराठी घरांत मी हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय, की आता ते कानावर पडलं की हातातलं काम बाजूला ठेवून समोर बसते आणि समजावायला लागते. बोलणारी माणसं शिकलेली असतात, निम्मी तर इंजिनिअर. कुणाची नोकरी घरून करायची झालेली असते, कुणाची मुलं कॉलेजला गेलेली असतात, कुणाची निवृत्ती चार वर्षांवर आलेली असते. ऑक्टोबरात पानांचे रंग बघायला दोन-सव्वादोन तासांवरचं अ‍ॅशव्हिल गाठायचं, ब्लू रिज पार्कवेवर थर्मासमधला चहा प्यायचा आणि परतताना गाडीत विषय निघतो, की इथेच एखादं घर घेऊन टाकू या का? पूर्वी त्याला जोडून म्हणत, डोंगर आहे, समुद्र लांब आहे, वादळाची भीती नाही. आता म्हणतात, येऊन गेलं.

नॉर्थ कॅरोलायनाच्या पश्चिमेकडच्या या डोंगरांवर माझा जीव आहे. आपल्या माणसांनी तिथे राहायला जाऊ नये, असं मी म्हणत नाही. पण दोन खोट्या आधारांवर आयुष्यभराची पुंजी लावायची म्हटलं की मला राहवत नाही.

'शंभर वर्षांचा पूर' हे पुराचं वेळापत्रक नाही. कोणत्याही एका वर्षात तेवढं पाणी येण्याची शक्यता शंभरात एक, एवढाच त्याचा अर्थ. यंदा येऊन गेलं म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता कमी होत नाही. फासा टाकला, सहा पडले, म्हणून पुढच्या डावात सहा पडणार नाहीत असं आपण म्हणत नाही ना? आणि घर काही एका वर्षासाठी घेत नाही. 30 वर्षांचं कर्ज काढलं, तर त्या 30 वर्षांत असा पूर एकदा तरी गाठण्याची शक्यता 26 टक्के होते. म्हणजे चारात एक. पुण्या-कोल्हापुरात ज्यांनी लाल पूररेषेवरून भांडणं बघितली आहेत, त्यांना हे नवीन नसावं. ती लाल रेषाही शंभर वर्षांच्या पुराचीच असते.

हा हिशेब कोरडा वाटत असेल, तर इतिहास बघा. जुलै 1916 मध्ये फ्रेंच ब्रॉड नदी अ‍ॅशव्हिलला 23 फुटांवर गेली होती. ऑगस्ट 1940 मध्ये याच डोंगरांत पुन्हा पूर आणि दरडी. सप्टेंबर 2004 मध्ये फ्रान्सिस आणि आयव्हन ही दोन वादळं साधारण दहा दिवसांच्या अंतराने आली. आयव्हनच्या रात्री मेकॉन काउंटीत पीक्स क्रीकच्या घळीतून चिखल, दगड आणि झाडांचा लोंढा दोन मैलांहून जास्त धावत खाली आला आणि 5 माणसं गेली. ऑगस्ट 2021 मध्ये फ्रेड वादळाने हेवूड काउंटीत 6 जणांचा बळी घेतला. सप्टेंबर 2024 मध्ये हेलीन. 2004 ते 2024 ही वीस वर्षं झाली. यात 'शंभर वर्षं' कुठे बसतात, मला कुणीतरी दाखवावं.

'समुद्र लांब आहे' हे खरंच आहे. अ‍ॅशव्हिलपासून अटलांटिकचा किनारा सुमारे 400 किलोमीटर. हेलीन तर 26 सप्टेंबर 2024 च्या रात्री फ्लोरिडात धडकलं, तिथून अ‍ॅशव्हिल 600 किलोमीटरवर. किनाऱ्यावर वादळ मारतं ते वाऱ्याने आणि समुद्राच्या उधाणाने. आत शिरलं की वारा मंदावतो, पण ढगांतलं पाणी तसंच असतं आणि डोंगर ते पिळून घेतो. हे सह्याद्रीच्या माणसाला शिकवायची गरजच नाही. बाष्पाने भरलेला वारा डोंगराला अडतो, वर चढतो, थंड होतो आणि कोसळतो. इथे आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्यासमोर ब्लू रिजचा कडा आडवा उभा आहे. वादळ पोहोचायच्या आधीच दोन दिवस तिथे पाऊस लागून होता, त्यावर हेलीन आलं. यान्सी काउंटीत बझिक इथे 30.78 इंच पाऊस मोजला गेला, म्हणजे 780 मिलिमीटरच्या वर, अवघ्या तीन-चार दिवसांत.

हे आधी-नंतरचं गणित नीट लक्षात ठेवा, कारण या डोंगरांतल्या मोठ्या आपत्ती बहुतेक वेळा जोडीने घडल्या आहेत. 1916 मध्ये आधीच्या एका वादळाने माती भिजवून ठेवली होती, आठवड्याभराने दुसरं आलं. 2004 मध्ये तेच, 2024 मध्ये आधीच्या दोन दिवसांच्या पावसाने तेच केलं. इथल्या उतारांवर कठीण खडकावर मातीचा पातळ थर असतो. तो पाण्याने पूर्ण भरला की मातीच्या कणांमधल्या पाण्याचा दाब वाढतो, खडकावरची पकड सुटते आणि सगळा थर झाडांसकट निसटतो. 24 तासांत 5 इंच, म्हणजे 125 मिलिमीटरच्या आसपास पाऊस इथे दरडींना पुरतो. माळीण, तळिये, इरशाळवाडी ही नावं ज्यांच्या तोंडी आहेत, त्यांनी 'अमेरिकेत असं होत नाही' म्हणावं याचं मला फार वाईट वाटतं. खडक वेगळा आहे. भिजलेली माती दोन्हीकडे सारखीच वागते. हेलीनमध्ये अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाने 2,000 हून अधिक दरडींची नोंद केली. अ‍ॅशव्हिलजवळच्या फेअरव्ह्यू भागात एका घळीत एकाच घराण्यातली 11 माणसं गाडली गेली. राज्यात शंभरावर माणसं गेली.

आणखी एक गोष्ट मोठ्या आत्मविश्वासाने सांगतात, की अ‍ॅशव्हिलला तसा पाऊस कमीच पडतो. हे बरोबर आहे. शहर डोंगरांच्या मधल्या खोऱ्यात, पर्जन्यछायेत आहे, आपल्या वाईसारखं. पण पन्नासेक किलोमीटरवर नैऋत्येला रोझमन आणि लेक टॉक्सअवेच्या भागात जवळजवळ दुप्पट पाऊस पडतो, आणि फ्रेंच ब्रॉड नदी तिथेच उगम पावते. तिकडचं पाणी अ‍ॅशव्हिलच्या मधून जातं. 27 सप्टेंबर 2024 ला ती नदी 24.6 फुटांच्या वर गेली, 1916 चा विक्रम मोडून. त्या नोव्हेंबरात मी नदीकाठच्या रिव्हर आर्ट्स डिस्ट्रिक्टमध्ये गेले होते. एका विटांच्या इमारतीच्या भिंतीवर गाळाची करडी रेघ होती, माझ्या डोक्याच्या कितीतरी वर. खालच्या खिडकीच्या चौकटीत एक खुर्ची अडकली होती आणि तिच्या पायांना सुकलेलं गवत गुंडाळलं होतं. ते गवत नदीच्या वरच्या अंगाला कुठल्यातरी माळावरचं असणार.

हवामानाच्या नोंदींचं अमेरिकेचं राष्ट्रीय भांडार, जगातल्या अशा सर्वांत मोठ्या संग्रहांपैकी एक, अ‍ॅशव्हिलमध्येच आहे. 'हवामानबदलापासून सुरक्षित' असल्याचा या शहराचा लौकिक होता. हेलीनमध्ये त्या भांडाराची सेवाही बंद पडली.

'विमा आहे की!' हा पुढचा गैरसमज, आणि यात पैसे बुडतात. घराचा नेहमीचा विमा पुराचं नुकसान भरून देत नाही, जमीन सरकल्याचंही देत नाही. पुरासाठी वेगळा विमा घ्यावा लागतो. सरकारी योजनेत इमारतीला 2,50,000 डॉलर आणि सामानाला 1,00,000 डॉलर एवढीच मर्यादा आहे, आणि तो लागू व्हायला साधारण 30 दिवस लागतात. म्हणजे वादळाची बातमी आल्यावर घेऊन उपयोग नाही. दरड मात्र त्यातही बसत नाही. हेलीनच्या वेळी अ‍ॅशव्हिल ज्यात येतं त्या बंकम काउंटीत पूरविमा असलेली घरं 1 टक्क्यालाही पोहोचत नव्हती. कारण सोपं आहे, बहुतेक घरं नकाशावरच्या पूररेषेबाहेर होती आणि कर्ज देणाऱ्याने विमा मागितलाच नव्हता. ते नकाशे मोठ्या नद्यांसाठी काढलेले असतात. अंगणामागचा खळाळणारा ओढा, ज्याचा आवाज ऐकून आपण घराच्या प्रेमात पडतो, तो त्यात अनेकदा नसतो.

बाकीचं थोडक्यात सांगते. 'तिथे एसी लागत नाही' असं म्हणतात. जुलैत दुपारी पारा 29-30 अंशांवर जातो आणि दमटपणा असतो, त्यामुळे पंख्यावर भागेलच असं नाही. 'बर्फ नसतो' असंही म्हणतात; शहरात वर्षाला साधारण 10 इंच पडतो, बूनसारख्या उंच गावात त्याच्या कितीतरी पट, आणि तुमचा चढाचा रस्ता साफ करायला कुणी येईलच असं नाही. 'शार्लटपेक्षा स्वस्त पडेल' हेही खरं नाही, अ‍ॅशव्हिल राज्यातल्या महाग शहरांत मोडतं. अस्वलं येतात, हे खरं आहे. शहरात येतात, कचऱ्याच्या डब्यासाठी येतात, डबा आत ठेवायची सवय लावून घ्या. 'आपलं खायला काही मिळत नाही' हे मात्र निखालस चूक. अहिल्यानगरात, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगरात, वाढलेल्या मेहेरवान इराणींनी 2009 मध्ये तिथे 'चाय पानी' सुरू केलं, आणि 2022 मध्ये त्याला अमेरिकेतल्या सर्वोत्कृष्ट रेस्टॉरंटचा जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला. त्या पुरस्कारात चाटचं नाव आलं, तेव्हा आम्ही सगळ्यांनी फोनवर एकमेकांना ओरडून सांगितलं होतं.

रेडॉनबद्दल मात्र कुणीच विचारत नाही. खडकातल्या युरेनियममधून निघणारा हा वायू, त्याला रंग नाही, वास नाही. बंकम, हेंडरसन, ट्रान्सिल्व्हानिया या काउंट्या अमेरिकी पर्यावरण संस्थेच्या सर्वांत जास्त धोक्याच्या यादीत आहेत. धूम्रपानानंतर फुप्फुसांच्या कर्करोगाचं ते दुसरं मोठं कारण. तळघरात चाचणी करून घ्या. ती स्वस्त असते आणि उपायही करता येतो.

पाण्याचं काय? हेलीननंतर अ‍ॅशव्हिल शहरात नळाला पिण्यायोग्य पाणी यायला 53 दिवस लागले. 18 नोव्हेंबर 2024 ला उकळून पिण्याची सूचना उठली. शहराबाहेर विहिरीचं पाणी असेल, तर वीज गेली की पंप बंद. ओळखीच्या एका जोडप्याने अडीच आठवडे मागच्या ओढ्यातून बादल्या आणून टॉयलेटमध्ये पाणी टाकलं. बादलीला दोरी बांधून ती कठड्यावरून खाली सोडायची, भरली की दोघांनी मिळून ओढायची. दोघंही साठीचे. ताई मला म्हणाल्या, "नोकरीच्या काळात मी डोंबिवलीत पाणी भरलं होतं, ते इथे परत भरेन असं वाटलं नव्हतं." रस्त्याचंही तसंच. डोंगरातल्या घराकडे जाणारा रस्ता आणि ओढ्यावरचा पूल बऱ्याचदा खासगी असतो. वाहून गेला तर दुरुस्ती तुमची, राज्याच्या रस्ते खात्याची नाही. आणि बाहेरचा मोठा रस्ता म्हणाल, तर टेनेसीकडे जाणारा आंतरराज्य महामार्ग 40 पिजन नदीच्या घळीत खचला होता, तो 1 मार्च 2025 ला उघडला, तोही दोन्ही बाजूंना एकेक लेन.

हल्ली याच्या उलटा गैरसमजही कानावर येतो, की तो भाग आता संपला, तिथे काही राहिलं नाही. हेही तितकंच चूक आहे. शहर उभं आहे, दुकानं उघडली आहेत, पार्कवेचे मोठे भाग परत सुरू झाले आहेत. त्या माणसांनी आपापल्या हातांनी गाळ उपसला आहे. तिथे पर्यटक म्हणून जाणं हीसुद्धा मदत आहे. आणि घर घेण्याबाबतही संपूर्ण प्रदेशाला एकच नियम लागत नाही. एकाच गावात सोंडेवरचं घर कोरडं राहिलं आणि दोनशे फूट खालचं घळीतलं घर गेलं. 'अ‍ॅशव्हिल सुरक्षित आहे का?' हा प्रश्नच चुकीचा आहे. विचारायचं ते या घराबद्दल, या ओढ्याबद्दल, या उताराबद्दल.

त्यासाठी माहिती उपलब्ध आहे. 2004 नंतर राज्याने डोंगरी काउंट्यांचे दरडींचे नकाशे काढायला घेतले. 2011 मध्ये त्याचे पैसे बंद झाले, 2018 मध्ये काम परत सुरू झालं. आता राज्याच्या भूगर्भ सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावर पत्ता टाकून ते बघता येतात. घर बघायला जाल तेव्हा वर बघा. घराच्या मागे डोंगरात खोबण दिसते का, खोबणीच्या तोंडाशी पंख्यासारखा पसरलेला दगडमातीचा ढीग आहे का? तो ढीग पूर्वी कधीतरी वरून आलेला आहे. सपाट म्हणून बिल्डरला तीच जागा आवडते.

1 जुलै 2024 पासून इथल्या विक्रेत्याला मालमत्तेच्या माहितीपत्रकात पुराबद्दलच्या प्रश्नांनाही तोंड द्यावं लागतं. पण त्याच पत्रकात 'काही सांगत नाही' असा रकाना असतो आणि तो भरणं कायदेशीर आहे. तिथे खूण दिसली, तर थेट शेजारच्यांचं दार वाजवा. म्हातारी माणसं असतील तर उत्तम. 2004 मध्ये पाणी कुठवर आलं होतं, 2021 मध्ये कुठवर, हेलीनमध्ये कुठवर. रस्ता कुणाचा, पूल कुणी बांधला, पंपाला जनरेटर आहे का, हे विचारा. आणि हे सगळं विचारायला पानगळीच्या लखलखीत दुपारी जाऊ नका. फेब्रुवारीत, दोन दिवस पाऊस पडून गेल्यावर जा आणि ओढ्याचा आवाज ऐका.