दोन मिलिमीटरचं काम

लोखंडी सांगाडे उभे करणाऱ्याला लोक पहिला प्रश्न विचारतात तो उंचीचा. भीती वाटत नाही का? वाटते, आणि वाटलेली बरी. ज्याला वाटत नाही, त्याच्या शेजारी मी तरी बीमवर बसत नाही. पण उंचीची सवय महिन्या-दोन महिन्यांत होते. भोकाशी भोक जुळवायचा हात मात्र यायला वर्षं जातात. 20 मिलिमीटरच्या बोल्टसाठी प्लेटीत 22 मिलिमीटरचं भोक असतं. आमचं सगळं कसब त्या दोन मिलिमीटरच्या मोकळिकीत चालतं, आणि नागपुरात तेवढी मोकळीक ऊन खाऊन टाकतं.

बुटीबोरी, हिंगणा, कळमेश्वर या पट्ट्यात कारखान्यांच्या शेडी उभ्या राहतात. खांब, राफ्टर म्हणजे छपराच्या मोठ्या तुळया, त्यांवरच्या आडव्या पर्लिन, सगळं वर्कशॉपमध्ये कापून, भोकं पाडून, नंबर टाकून ट्रेलरवर येतं. साइटवर काही बनवायचं नसतं, फक्त जोडायचं असतं. ते ‘फक्त’ ऑफिसातल्या माणसाचं. काँक्रीटमध्ये गाडलेले अँकर बोल्ट सिव्हिलवाल्यांनी जरा इकडे-तिकडे बसवले असले, की खांबाची बेसप्लेट उतरता उतरत नाही आणि दोन्ही बाजू एकमेकांचे ड्रॉइंग चुकीचे ठरवत बसतात. एकदा खांब उभे राहिले की पहिला खण आधी पक्का करायचा, म्हणजे दोन चौकटी आणि त्यांच्यामधलं तिरपं ब्रेसिंग. तो गुण्यात, म्हणजे काटकोनात, बसला तर पुढचे खण भराभर लागतात. तो हलका तिरपा राहिला, तर शेवटच्या खांबापर्यंत रडगाणं चालतं.

राफ्टर वर येतो तेव्हा आम्ही दोघं खांबांच्या डोक्यावर बसलेलो असतो, बेल्टचे हुक वरच्या दोराला अडकवून. खाली खलाशी हात हलवत ओरडतो, ‘हाबेस... हाबेस... बस्स. आरिया, जराशी.’ हाबेस म्हणजे वर घे, आरिया म्हणजे खाली सोड. एवढ्यावर क्रेनवाला ते धूड इंच-इंच हलवतो. राफ्टरच्या टोकाची प्लेट खांबाच्या प्लेटीला टेकली, की आमच्या पान्याचं खरं काम सुरू होतं. या पान्याला एका टोकाला जबडा आणि दुसरीकडे निमुळती होत गेलेली दांडी असते. ती दांडी दोन्ही प्लेटींच्या भोकांत घालून रेटायची, एक कोपरा जुळला की तिथे पिन ठोकायची, मग दुसरा कोपरा. भोकातून पलीकडचं आभाळ पूर्ण गोल दिसलं तर बोल्ट नुसत्या बोटांनी आत जातो. चंद्रकोर दिसली तर अजून रेटायचं. भोक जुळलं का हे बोटाने चाचपून बघायचं नाही, कारण राफ्टर अजून क्रेनवर लटकत असतो आणि झोका आला की दोन प्लेटी कात्रीसारख्या चालतात. आमचे मिस्त्री प्रत्येक नव्या पोट्ट्याला पहिल्याच दिवशी सांगतात, ‘बोट नको घालू बे, ते परत नाही भेटत.’

बोल्ट हाताने घट्ट झाले म्हणजे जोड झाला असं नाही. पुलांना आणि मोठ्या सांगाड्यांना लागतात ते हाय स्ट्रेंग्थ बोल्ट. 20 मिलिमीटरच्या अशा एका बोल्टमध्ये कसल्यावर 14 टनांच्या आसपास ताण राहतो. त्या ताणाने दोन प्लेटी इतक्या आवळल्या जातात, की भार बोल्टच्या दांड्यावर न येता प्लेटींच्या घर्षणातून पुढे जातो. म्हणून त्या तोंडांवर तेल किंवा साधा रंग लागलेला चालत नाही. कसायचं ते मधल्या बोल्टपासून बाहेर, नाहीतर प्लेट फुगते आणि आधी कसलेले बोल्ट सैल पडतात. कसून झाल्यावर नट आणि प्लेटीवरून खडूची किंवा रंगाची एक रेघ ओढायची. नट हलला तर रेघ तुटलेली दिसते.

आता उन्हाचं. पोलाद तापमानाच्या दर अंशाला दहा लाख भागांत 12 भाग वाढतं. आकडा किरकोळ वाटतो. 60 मीटर लांबीची शेड सकाळपासून दुपारपर्यंत 20 अंशांनी तापली, तर 14 मिलिमीटर वाढते, आणि आमच्याकडे मोकळीक दोनाची. शिवाय खांबाची एकच बाजू उन्हात असली की तो सावलीच्या बाजूला किंचित वाकतो. म्हणून खांबाचा ओळंबा पहाटे बघायचा. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ तापलेले दिवस, सुरू झाला की आम्ही उजाडताच वर चढतो, खिशात कांदा, तोंडाला दुपट्टा. मिस्त्रींचा नियम आहे, ‘अकरा वाजले का टेप गुंडाळून ठेव, मग काही जमून नाही येत.’ दुपारी तसंही त्या लोखंडावर बसवत नाही, हातमोज्यातूनही चटका लागतो.

कामठी रोडवर गड्डीगोदामला हेच गणित फार मोठ्या आकारात दिसतं. तिथे खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर मेट्रो असे चार मजले आहेत. रेल्वेवरून जाणारा पोलादी गर्डर 80 मीटर लांब आणि सुमारे 1650 टनांचा, 2022 मध्ये जागेवर बसवलेला. मेट्रो त्याच वर्षी 11 डिसेंबरला सुरू झाली, उड्डाणपूल ऑक्टोबर 2024 मध्ये. नागपुरात हिवाळ्यातली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत नुसत्या हवेचा फरक 30 अंशांहून जास्त असतो. 30 च धरले, तरी एवढा गर्डर जवळपास 29 मिलिमीटर लांबतो. म्हणून असा पूल दोन्ही टोकांना जखडून टाकत नाहीत, एका टोकाला सरकायला जागा ठेवतात. खालून गाडी काढणाऱ्याला हे कळायचं कारण नाही.

नागपूरचं आणि पोलादाचं नातं जुनं आहे. जमशेटजी टाटांनी 1877 साली इथे एम्प्रेस मिल सुरू केली, पण पुढे त्यांचं मन चांदा, म्हणजे आताच्या चंद्रपूर, जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या खनिजावर होतं. तिथे पोलादाचा कारखाना जमण्यासारखा नव्हता, वरोऱ्याचा कोळसा त्या कामाचा निघाला नाही. नंतर त्यांचे चिरंजीव दोराबजी नागपुरात आले असताना अजबबंगल्यात, म्हणजे इथल्या संग्रहालयात, शिरले आणि एका भूगर्भ नकाशावर त्यांना दुर्गकडचा, दल्ली-राजहऱ्याचा लोखंडाचा पट्टा दिसला. टाटांचा कारखाना शेवटी पूर्वेला गेला. पण त्याच दल्ली-राजहऱ्याच्या खनिजावर 1959 पासून भिलाई चाललं आहे आणि भिलाईच्या प्लेटी आमच्या हातात येतात. अजबबंगल्यात आमच्यातलं कोणी गेलेलं मला माहीत नाही. रविवारी कपडे धुवायचे असतात.

परत आमच्या भोकाकडे. भोक जुळलं नाही तर रीमरने घासून थोडं मोठं करता येतं, तेही इंजिनिअरला विचारून. गॅसकटरने भोक मोठं करायचं नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. तरी एका साइटवर, क्रेनचं भाडं चढतंय म्हणून, सुपरवायझरने कटर वर पाठवला होता. मिस्त्रींनी तो तसाच दोराने खाली सोडला. त्या दिवशी आमची हजेरी अर्धी लागली.

हजेरीची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. बांधकाम कामगार मंडळात नाव घालायला मागच्या वर्षभरात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. फिटर एका कंत्राटदाराकडून दुसऱ्याकडे फिरतो, आज बुटीबोरी, पुढच्या महिन्यात चंद्रपूर किंवा रायपूर, आणि प्रत्येक कंत्राटदार म्हणतो, माझ्याकडे तर तू थोडेच दिवस होतास. बोल्टच्या प्रत्येक पेटीचा लॉट नंबर रजिस्टरमध्ये असतो, टॉर्क पाना शेवटचा कधी तपासला ती तारीखही असते. आमच्या गँगमधल्या बालाघाटच्या पोराने यंदा साध्या वहीत स्वतःचे दिवस लिहायला घेतले आहेत. त्या वहीवर सही कोणाची चालेल, हे विचारायला तो सोमवारी कामगार कार्यालयात जाणार आहे. त्या दिवसाची हजेरी कापली जाईल.