गच्चीवरचं ऊन, जिन्यातला दिवा

शीवच्या आमच्या सोसायटीत सोलर बसवायचं ठरलं, तेव्हा सेक्रेटरी या नात्याने मी आधी पाण्याच्या टाकीची सावली गच्चीवर खडूने आखून घेतली. सकाळी ९ला कुठे, दुपारी ४ला कुठे. पॅनलमधले सेल एकापुढे एक जोडलेले असतात. मोजक्या सेलवर जरी सावली आली, तरी बरीचशी वीज घटते.

सेल म्हणजे सिलिकॉनचा पातळ काप. ऊन पडलं की आतले इलेक्ट्रॉन सुटतात, दोन थरांच्या सीमेवरचं विद्युतक्षेत्र त्यांना एकाच दिशेला ढकलतं आणि प्रवाह सुरू होतो. ना धूर, ना आवाज! १९५४ साली अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीत असा सेल दाखवला गेला, तेव्हा उन्हातली जेमतेम ६ टक्के ऊर्जा विजेत उतरायची. आज बाजारातली चांगली पॅनलं २० टक्क्यांच्या वर जातात.

एका किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते, दिवसाला सरासरी चारेक युनिट मिळतात. पावसाळ्यात कमी. दिवसा उरलेली वीज नेट मीटरमधून बेस्टकडे जाते, रात्री लिफ्ट आणि जिन्यातले दिवे बेस्टच्या विजेवर चालतात. बिल फरकाचं येतं. शेजारच्या सोसायट्यांनी चौकशी करावीच, असं मी आग्रहाने सांगते. पॅनलं मात्र नियमित धुवा, आणि कबुतरांची वाळलेली घाण खरवडू नका, आधी भिजू द्या.