‘निर्घात’ : एका क्षेपणास्त्रनौकेची सेवाकथा

वराहमिहिराने बृहत्संहितेत ‘निर्घात’ या उत्पातासाठी एक स्वतंत्र अध्याय दिला आहे. वाऱ्यावर वारा आदळून आकाशातून भूमीवर कोसळतो व त्यातून भीषण नाद उठतो, तो निर्घात. भारतीय नौदलाने १९७१ साली हे नाव सोव्हिएत बांधणीच्या एका लहानशा नौकेस दिले, आणि त्याच वर्षीच्या ४ डिसेंबरच्या रात्री ते अक्षरशः सार्थ ठरले.

‘ओसा’ वर्गाच्या अशा आठ नौका भारताने घेतल्या होत्या. जेमतेम दोनशे टन वजनाची, सुमारे ३९ मीटर लांबीची ही नौका. तिच्यावर तीस-एक माणसे आणि चार क्षेपणास्त्रे. एवढे वजन उचलणारी यारी मुंबई बंदरात नसल्याने त्या कलकत्त्यास उतरवून द्वीपकल्पाला वळसा घालीत मुंबईस ओढून आणाव्या लागल्या. या नौका मुळात किनारा राखण्यासाठी घडविलेल्या. त्यांचा पल्ला तोकडा. तथापि मोठ्या जहाजाने ओढून त्यांना शत्रूच्या दारापर्यंत नेता येईल काय, हा विचार पुढे आला व तसा सरावही झाला.

ही कल्पना रशियन आरमारास अपरिचित नव्हती. जानेवारी १८७८ मध्ये बाटूमी बंदरात ‘चेस्मा’ व ‘सिनोप’ या वाफेच्या होड्यांनी पाणतीर सोडून तुर्की जहाज ‘इंतिबाह’ बुडविले, तेव्हा त्या होड्याही मकारोव्हच्या मातृनौकेवरूनच तेथवर नेलेल्या होत्या. पाणतीराची जागा क्षेपणास्त्राने घेतली, परंतु दुर्बळ पल्ल्याची अडचण तीच राहिली.

कमांडर बब्रुभान यादव यांच्या नेतृत्वाखाली ‘निपात’, ‘निर्घात’ व ‘वीर’ या तिघी ‘किलतान’ आणि ‘कच्छल’ यांच्या सोबतीने कराचीकडे निघाल्या. लेफ्टनंट कमांडर इंद्रजित शर्मा यांच्या ‘निर्घात’ने पाकिस्तानी विनाशिका ‘खैबर’वर पहिले क्षेपणास्त्र सोडले. ‘खैबर’वरील पहारेकऱ्यांना आकाशातून येणारा प्रकाश दिसला, तो विमानाचा समजून त्यांनी विमानविरोधी तोफा चालविल्या. विमानहल्ल्याचाच संदेश कराचीस गेला, आणि त्यातील स्थाननिर्देशही चुकीचा होता. काही मिनिटांत दुसऱ्या क्षेपणास्त्राने जहाज बुडाले; दोनशेहून अधिक खलाशी मृत्युमुखी पडले. पाण्यात तरंगणाऱ्यांचा शोध त्या चुकीच्या निर्देशामुळे लांबला. चिन्ह दिसले, परंतु त्याचा अर्थ लावण्यास लागणारा पूर्वानुभव नव्हता. वस्तुतः ऑक्टोबर १९६७ मध्ये इस्रायलची ‘एलात’ अशाच क्षेपणास्त्रांनी बुडाली होती. तो धडा उपलब्ध होता, एवढे म्हणणे भाग आहे.

भाषाभ्यासकास या मोहिमेतील आणखी एक गोष्ट लक्षणीय वाटेल. या नौकांवरील अधिकारी व खलाशी व्लादिवोस्तोकला शिकून आलेले होते. बिनतारी संभाषण शत्रूस कळू नये म्हणून त्यांनी परस्परांत रशियन वापरली, असे सांगतात. यंत्राबरोबर आलेली भाषा अशी आयत्या वेळी गुप्तलिपी झाली. सोबतिणीचे नाव ‘निपात’ यास्काच्या चार पदजातींपैकी एका जातीचेही आहे. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात मात्र कोसळणे हाच अर्थ असणार.

पुढे ही नावे नव्या पिढीच्या नौकांना मिळाली. दुसरी ‘निर्घात’ १९८९ मध्ये सेवेत आली आणि जानेवारी २०१८ मध्ये मुंबईत निवृत्त झाली.