स्मृती ओसरते तेव्हा

चंदीगडच्या कॅपिटल कॉम्प्लेक्समध्ये नवख्या माणसालाही उच्च न्यायालयाचे प्रवेशद्वार विचारावे लागत नाही. ल कॉर्ब्युझिए या वास्तुशिल्पज्ञाने रचलेल्या आणि १९५५ साली खुल्या झालेल्या त्या इमारतीच्या दाराशी हिरवा, पिवळा व तांबडा असे तीन प्रचंड स्तंभ उभे आहेत. एक अक्षरही न वाचता वाट कळते. ज्या घरात वृद्ध आईची वा वडिलांची स्मृती ओसरू लागली आहे, त्या घराने यापासून बोध घ्यावा.

याच शहरातील एका मराठी कुटुंबाची कल्पना करा. मुलगा नोकरीनिमित्त येथे स्थायिक झाला आणि वडिलांच्या निधनानंतर त्याने साताऱ्याहून आईला आणले. क्रमांकांनी ओळखले जाणारे, एकासारखे एक दिसणारे सेक्टर तिला उमजत नाहीत. दिवेलागणीला ती विचारते, "तुझे बाबा अजून कसे आले नाहीत रे?" "अगं आई, ते जाऊन चार वर्षे झाली. विसरलीस का?" असे मुलाने म्हणताच तिला ते दुःख नव्याने भोगावे लागते, आणि घटकाभराने तोच प्रश्न पुन्हा येतो. नवे साठवण्याची मेंदूची शक्तीच क्षीण झाली असता परीक्षा घेऊन ती परत येत नाही. त्यापेक्षा "बाबांची आठवण आली का? संध्याकाळी येताना ते काय आणीत असत?" असे विचारावे. जुन्या आठवणी पुष्कळदा शाबूत असतात.

मात्र 'वयच झाले' म्हणून स्वस्थ बसू नये. बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइडचा विकार, खिन्नता, काही औषधे यांमुळे आलेले विस्मरण उपचाराने सुधारू शकते. म्हणून प्रथम वैद्यकीय तपासणी करावी. आल्झायमरचा विकार अद्याप समूळ बरा होत नाही. तेथे घरानेच थोडे स्मरण वाहावे लागते. स्नानगृहाचे दार ठळक रंगाचे असावे, रात्री मंद दिवा असावा, वस्तूंच्या जागा बदलू नयेत. चंदीगडसारख्या ठिकाणी घरचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक हिंदीत आणि पंजाबीत लिहून आईजवळ ठेवावा. कारण मागाहून शिकलेली भाषा पुष्कळदा आधी निसटते आणि मायबोली तेवढी उरते.

कागदपत्रांचे काम तर मुळीच लांबवू नये. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज हरपली की मुखत्यारीही संपते. मृत्युपत्र, बँकेचे व्यवहार, तसेच २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यान्वये आपला प्रतिनिधी नेमणे, हे सारे आईला समजत असताना आणि तिच्या संमतीने व्हावे. एरवी मुलांना पालक म्हणून नेमणूक मिळावी यासाठी उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते, आणि अनेकांना ती चढावी लागलेली आहे.

हा भार एकट्या सुनेवर वा मुलीवर टाकू नये. पाळ्या वाटून घ्याव्यात. शेवटी असाही दिवस येईल की आईला आपले नाव आठवणार नाही. त्या दिवशी "मी कोण, सांग पाहू?" असे विचारू नये. जवळ बसून, तिचा हात हाती घेऊन, आपले नाव आपणच सांगावे.