किडे गप झाले की

रात्री अकराला मेळघाटातल्या सेमाडोहच्या पर्यटक संकुलामागे, सिपना नदीच्या काठाशी आम्ही माइक लावला. परवानगी घेतलेली होती. मित्र ध्वनिमुद्रक, एका कमी खर्चाच्या भयपटासाठी त्याला रात्र हवी होती. ‘भूत स्टुडिओत करता येतं,’ तो म्हणाला, ‘भुताआधीची शांतता इथूनच न्यावी लागते.’

माइकवर वारा अडवणारी केसाळ टोपी, अंधारात मुंगसासारखी. त्याने तारीख, वेळ, जागा बोलून घेतली आणि ओठांवर बोट ठेवलं. एका वेळी 10 मिनिटं. मध्येच माझी खुर्ची करकरली, पुन्हा पहिल्यापासून.

हेडफोन कानाला लावले आणि शांततेतली गजबज ऐकू आली. वर रातकिड्यांचा थर, खाली सिपनेचं उन्हाळी, बारीक पाणी. मधूनच रातवा, टप्पे खात थांबणाऱ्या चेंडूसारखा. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग. त्याचं वाळकं, ताटाएवढं पान पडलं तरी कुणी पाऊल टाकल्याचा भास होई.

मला विशाल फुरियांचा ‘लपाछपी’ (2017) हा भयपट आठवला. उसाच्या फडातलं एकाकी घर, गरोदर नेहा आणि तिची काळजी घेणारी तुळसाबाई. आपण उसाकडे बघत भीत राहतो. भीतीचं मूळ मात्र घरात असतं, मुलगी नको म्हणणाऱ्या माणसांत. हे कळेपर्यंत चित्रपट घाई करत नाही.

घाई आमच्या कोरकू चौकीदारालाही नव्हती. दोन टेकच्या मधे मी विचारलं, भीती नाही वाटत? ‘किडे बोलते तवर काई भेव नाही, साहेब. गप झाले का मंग पाहा.’

दीडच्या सुमारास ते गप झाले. नदीपलीकडून सांबराने एकदाच इशाऱ्याचा कॉल दिला. देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी मेळघाट एक, ही माहिती एरवी फलकावर वाचायची. त्या क्षणी ती मानेवरून सरकली. टेक मात्र कुणी थांबवला नाही. मग एक किडा बोलला, पाठोपाठ सगळे.

सकाळी चहा घेताना मित्राने तो तुकडा ऐकवला. वाघाचा मागमूस नव्हता. होते आम्हा तिघांचे श्वास, अडखळलेले. एरवी असा टेक बाद. त्याने वहीत त्यापुढे लिहिलं: ‘हाच.’