नर्मदेच्या काठावरून समुद्राचा विचार

समुद्र म्हटला की कोकणातील माणसाला होड्या, जाळी आणि नारळी पौर्णिमा आठवते. जबलपूरच्या रहिवाशाला मात्र तो केवळ भूगोलाच्या पुस्तकातील विषय वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः ग्वारीघाटाच्या पायऱ्यांना स्पर्श करून जाणारे पाणी अखेर भरूचजवळ खंबायतच्या आखातालाच मिळते. अमरकंटकापासून तेथवरचा नर्मदेचा प्रवास १३१२ किलोमीटरांचा आहे. तेव्हा समुद्राच्या संपत्तीचा प्रश्न आपलाही आहे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

अलीकडे ‘नील अर्थव्यवस्था’ असा शब्दप्रयोग रूढ झाला आहे. समुद्रापासून मिळणारे अन्न, रोजगार, वाहतूक व पर्यटन यांचा लाभ घ्यावा, परंतु समुद्राची उत्पादनशक्ती अबाधित राहावी, असा त्याचा आशय. व्यवहाराच्या भाषेत सांगायचे तर व्याज खावे, मुद्दलाला हात लावू नये. माशांच्या बाबतीत मुद्दल म्हणजे अंडी घालणारी मादी आणि तिची विणीची जागा. लक्षद्वीपमधील मच्छीमार कुपा मासा काठी व गळाने एकेक करून पकडतात. त्यामुळे नको असलेले जीव फारसे मारले जात नाहीत. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. मध्य प्रदेशातही १६ जून ते १५ ऑगस्टपर्यंत मासेमारी बंद ठेवण्याचा नियम आहे. सागराचा असो वा नदीचा, दोन्ही नियमांमागील तत्त्व एकच: पावसाळा हा विणीचा काळ होय.

नदी आणि समुद्र यांचे नाते हिल्सा माशाच्या जीवनक्रमात स्पष्ट दिसते. हा मासा वाढतो खाऱ्या पाण्यात, पण पावसाळ्यात नदीला पूर आला की विणीसाठी गोड्या पाण्याकडे चढतो. भरूचच्या मच्छीमारांची उपजीविका बऱ्याच अंशी त्याच्यावर अवलंबून होती. नदीवर धरणे झाली. गाळ जलाशयांत अडू लागला, खाली येणारे गोडे पाणी कमी झाले, आणि समुद्राचे खारे पाणी मुखातून आत शिरू लागले. हिल्साची आवक घटली. धरणांनी शेतीला पाणी व गावांना वीज दिली, हे नाकारता येत नाही. परंतु नफ्याच्या हिशेबात मुखाजवळच्या कोळ्याचा तोटाही मांडला गेला पाहिजे.

असाच हिशेब जबलपूरजवळच्या बरगी धरणाचा आहे. हे धरण १९९० मध्ये पूर्ण झाले. जबलपूर, मंडला व सिवनी या तीन जिल्ह्यांतील १६२ गावांना त्याची झळ पोहोचली. ज्यांची शेते पाण्याखाली गेली, त्यांना निदान त्या पाण्यातील माशांवर तरी हक्क असावा, अशी मागणी विस्थापितांनी केली. १९९४ मध्ये त्यांच्या सहकारी संघाला मासेमारीचा हक्क मिळाला आणि पन्नासाहून अधिक प्राथमिक संस्था त्यात सामील झाल्या. कालांतराने तो हक्क संघाच्या हाती राहिला नाही.

या घटनेतील तत्त्व महत्त्वाचे आहे. कटला, रोहू, मृगळ यांसारख्या माशांना विणीसाठी वाहते पाणी लागते. साचलेल्या जलाशयात त्यांची बोटुकली सोडावी लागतात व ती वाढेपर्यंत धीर धरावा लागतो. मुदतीचा ठेका घेणाऱ्याला हा धीर परवडत नाही, कारण मुदत संपल्यावर जलाशयाशी त्याचा संबंध उरत नाही. काठावर राहणाऱ्या कुटुंबाला मात्र पुढच्या वर्षीही त्याच पाण्यावर पोट भरायचे असते. म्हणून संयमाचा नियम त्याला जाच वाटत नाही; तो त्याच्या घरखर्चाचाच भाग असतो.

सागरी विकासाच्या मोठ्या योजनांना हीच कसोटी लावावी. किती टन मासळी निघाली, एवढेच विचारून भागणार नाही. ती कोणाच्या घरी शिजली आणि पुढच्या वर्षी पुन्हा निघेल काय, हेही विचारले पाहिजे. किनाऱ्यापासून दूर असलेल्या आपल्या नगरालाही बरगीच्या जलाशयाकडे पाहून हा प्रश्न विचारता येतो.